हुपरीच्या पॅचवरची माझी सही

मी घरी बसून काय करतो, हे आमच्या गल्लीत अजून कुणाला नीट कळलेलं नाही. पुण्यातली अठरा वर्षं आटपून मी कोल्हापुरात, आमच्या मंगळवार पेठेत परत आलो, तेव्हा पहिले सहा महिने लोक माझ्याशी जरा जपूनच बोलायचे. सकाळी दहा वाजता बनियनवर गॅलरीत चहा पीत उभा असलेला माणूस नोकरीला आहे, यावर कुणाचा विश्वास बसेना. समोरच्या दुकानदारानं तर आईला हळूच विचारलं होतं, की तुमच्या थोरल्याचं काही बिनसलंय का. आईनं अभिमानानं सांगितलं, तो कॉम्प्युटरचं काम करतो, घरनंच. दुसऱ्या दिवशी तो बंद पडलेला प्रिंटर घेऊन आला. मला प्रिंटरमधलं काहीही कळत नाही. तसं त्याला सांगितल्यावर माझ्या नोकरीबद्दलचा त्याचा संशय पक्का झाला.

काम समजावून सांगणं तसं अवघडच आहे. कॉम्प्युटरच्या अगदी पोटात एक प्रोग्राम असतो, त्याला कर्नल म्हणतात. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याच्या जिवावर चालतात. आम्ही ज्यावर काम करतो तो कर्नल जगभरातले लोक मिळून लिहितात, आणि त्यात कुणाला काही बदल करायचा असला, की तो बदल ई-मेलनं सगळ्यांसमोर मांडावा लागतो. त्या बदलाला पॅच म्हणायचं. मग माझ्यासारखे लोक तो ओळ न् ओळ वाचतात आणि चुका काढतात. काढण्यासारखी चूक उरली नाही, की खाली एक ओळ लिहून देतात: हे मी तपासलं आहे. पुढं आपलं नाव. मी तिला आपली सही म्हणतो. पॅच आत गेला की त्याच्याबरोबर ती सहीही आत जाते आणि कायमची राहते. पुढं कधी काही मोडलं, तर लोक आधी बघतात की हे तपासलं कुणी.

बायको गणिताची शिक्षिका आहे. मी हे सगळं तिला पहिल्यांदा समजावलं, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोड्या काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. आमच्या माहेरी तर तुम्ही हे फुकटात करत होता."

गेल्या वर्षी माझ्याकडे एक काम आलं ते सॉकेटचं. सॉकेट म्हणजे दोन कॉम्प्युटर नेटवर्कवरून एकमेकांशी बोलतात, त्या बोलण्याचं आपल्या बाजूचं टोक. चालू असलेला प्रोग्राम मध्येच गोठवायचा, तो चालू बोलण्यासकट उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचा आणि तिथं पुढं चालू करायचा, असा तो सगळा खटाटोप. पलीकडच्याला पत्ता लागता कामा नये. हे मला स्वतःला नीट समजलं ते आईमुळं.

आईची थोरली बहीण निपाणीला असते. रोज दुपारी साडेतीनला दोघींचा फोन चालतो. मध्येच आईला काहीतरी आठवतं. "थांब गं अक्का, दूध बघून आलो," म्हणून ती मोबाइल टेबलावर उपडा ठेवते आणि आत जाते. मावशी फोन ठेवत नाही. आई दहा मिनिटांनी परत येते, फोन कानाला लावते आणि हॅलोबिलो काही न म्हणता "मग त्येनं काय केलं?" असं ज्या शब्दावर सोडलं होतं तिथनं पुढं चालू. आपण कुठपर्यंत सांगितलं, त्यातलं तिनं कुठपर्यंत ऐकलं, आणि तिनं सांगितलेलं पण आपण अजून न ऐकलेलं काय काय राहिलं, एवढं डोक्यात पक्कं असलं की झालं. सॉकेट जपून ठेवायचं म्हणजे एवढंच लिहून ठेवायचं.

धोका एकच. आई आत असताना मी एकदा तो फोन उचलला आणि "कोण?" म्हणून विचारलं. मावशीनं फोन आपटला, आणि चार दिवस ती आईशी बोलली नाही. कॉम्प्युटरमध्ये रुसवा नसतो, पण तुटतं मात्र तसंच. अर्धवट अवस्थेत पलीकडचा काही बोलला आणि कर्नलनं "मी तुला ओळखत नाही" असं उत्तर दिलं, की ते बोलणं कायमचं संपलं. म्हणून बोलणारा परत जागेवर बसेपर्यंत दार बंद ठेवायचं आणि बाहेरून काहीही आलं तरी गप्प राहायचं.

तर या कामाचा पॅच आला. एकच नाही, अकरा पॅचची माळ. पाठवणारी मुलगी बेंगळुरूच्या एका कंपनीतली होती. आडनाव आपल्याकडचं वाटलं, म्हणून मी तिला वेगळं पत्र टाकून मराठीत विचारलं, की तुम्ही कोल्हापूरकडच्या का. एका शब्दाचं उत्तर आलं: हुपरी.

मला हसूच फुटलं. मी मनात तिला काचेच्या इमारतीत, बाराव्या मजल्यावर बसवलं होतं, आणि ती इथं तासाभराच्या एसटीच्या अंतरावर, चांदीकामाच्या गल्लीत माडीवरच्या खोलीत बसून जगाचा कर्नल दुरुस्त करत होती. मी फोन केला. मागं घरघर ऐकू येत होती. "आवाज येतोय न्हवं, सर? खाली पॉलिशचं मशीन चालू हाय," ती म्हणाली. आमच्याकडच्या बऱ्याच बायकांसारखी तीही आलो, गेलो, करतो असंच बोलायची. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पुढच्या सगळ्या घोटाळ्याचं मूळ ते घरच्यासारखं वाटणं.

त्याच फोनवर तिनं मला तिची अडचण सांगितली. कर्नलची नवी आवृत्ती दोन-अडीच महिन्यांनी निघते. तिच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की हे काम येत्या आवृत्तीत गेलं तर पुढचं सगळं हुपरीत बसून कर. नाही गेलं तर काम बंद, आणि पहिल्या तारखेपासून बेंगळुरूच्या ऑफिसात दुसऱ्या टीममध्ये. घरी ती आणि तिचे वडील, दोघंच. वडील पैंजणाच्या कड्या जोडतात. डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. रोज संध्याकाळी तासभर ती त्यांच्याजवळ बसते आणि जोडलेली एकेक कडी बघून देते.

"मी फक्त सांगून ठेवलं. तुम्ही तुमचं बगा," ती म्हणाली. माझ्याकडून तिनं काहीही मागितलं नव्हतं. मी मात्र त्या फोननंतर तिचे पॅच वाचायला बसलो, की मला कड्याच दिसायच्या.

आता माझ्या इंग्रजीबद्दल थोडं सांगायला हवं. घरात मी बोलतो ते तीन घरं सोडून ऐकू जातं. भाजी महाग असली तर भाजीवालीला तोंडावर सांगतो. पण इंग्रजी पत्र लिहायला बसलो, की मी एकदम परक्या घरी जेवायला गेलेला माणूस होतो, पाटावर अंग चोरून बसलेला, मीठ कमी असलं तरी छान झालंय म्हणणारा. आधीच्या चुका दुरुस्त करून तिनं माळ पाचव्यांदा पाठवली, ती पाचवी आवृत्ती वाचताना सातव्या पॅचमध्ये मला एका ठिकाणी खटकलं. परत सुरू होताना दार आधी उघडतंय आणि माणूस खुर्चीवर नंतर बसतोय, असं काहीसं. मधला वेळ अगदी पापणी लवण्याएवढा. खात्री करायची तर पलीकडचा कॉम्प्युटर सतत बडबडत ठेवून चाचणी घ्यायला हवी होती. त्याची मांडणी करायला अर्धा दिवस जातो. आणि त्या बुधवारी आम्हाला शाहूपुरीत मिक्सरचं भांडं बदलायला जायचं होतं.

म्हणून मी इंग्रजीत लिहिलं, की सवड मिळेल तेव्हा इथला क्रम एकदा डोळ्यांखालून घातला तर बरं, घाई अजिबात नाही, आणि कदाचित माझंच चुकत असेल. त्याच्याखाली सही ठोकली: हे मी तपासलं आहे. आणि मिक्सरचं भांडं घेऊन बाहेर पडलो. गाडीवर मी शीळ घालत होतो असं बायको म्हणते. मला आठवत नाही.

तिनं उत्तर दिलं, की बघितलं, तिथं समजुतीसाठी एक ओळ टाकली आहे, आभार. तिला वाटलं असणार, सर काही किरकोळ म्हणतायत. किरकोळ वाटावं अशीच माझी वाक्यरचना होती.

शनिवारी या विभागाच्या मुख्य माणसाचं पत्र आलं. हे गृहस्थ युरोपातल्या कुठल्याशा थंड गावात राहतात आणि शब्द मोजून वापरतात. त्यांनी लिहिलं: तपासलेलं दिसतंय, सोमवारी घेतो. मला इतका आनंद झाला, की म्हटलं आता निवांत ती चाचणीही करून टाकू, मनाचं समाधान म्हणून. दुपारभर बसून मांडणी केली. दोन लॅपटॉप, मध्ये वायर, पलीकडचा अखंड बडबडतोय. चाळीस वेळा प्रोग्राम गोठवला आणि उठवला, चाळीसही वेळा नीट. मी चहा टाकायला उठलो. परत आलो तर एकेचाळिसाव्याला बोलणं तुटलेलं.

पुढचे दोन तास मी एक पत्र सात वेळा लिहिलं आणि सात वेळा पुसलं. बायकोनं विचारलं, काय झालंय. मी सांगितलं. ती म्हणाली, आधी तिला फोन करा. मी म्हटलं, उद्या करतो, तिच्या वडिलांचं आणि तिचं आता कड्या बघायचं चाललेलं असेल. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं, की वर्गात गृहपाठ विसरलेल्या पोरांबद्दल मला एकदम कळवळा आला.

रविवारी सकाळी साडेदहाला बेल वाजली. दारात एक मुलगी, खांद्याला लॅपटॉपची बॅग, हातात पेढ्यांचा बॉक्स. "सर, मी हुपरीचा पॅच," ती म्हणाली आणि हसली. वडिलांनी तिला सकाळच्या एसटीत बसवलं होतं. ज्यांनी सही दिली त्यांच्या घरी जाऊन तोंड गोड करून ये, असं सांगून.

आईला तर परमानंद झाला. हुपरीची म्हणजे कुणाची, आजोळ कुठलं, थोरल्या चुलत्याचं दुकान सराफांच्या गुजरीत होतं तेच का, असं करत दहा मिनिटांत तिनं शोधून काढलं, की माझ्या बहिणीच्या लग्नातले पैंजण यांच्याच भावकीतल्या घरातून आले होते. पेढ्यांचा बॉक्स उघडला गेला. मी एक पेढा खाल्ला. मग बोलायला सुरुवात करावी म्हणून तोंड उघडलं आणि दुसरा खाल्ला. ती सांगत होती, की साहेबांना तिनं कालच कळवलंय, आणि वडिलांनी माडीवरच्या खोलीला रंग द्यायचं ठरवलंय, आता ती तिथंच बसणार म्हणून. मी तिसरा पेढा उचलला.

"अहो," बायको स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "तुम्ही सांगताय का मी सांगू?"

मी पेढा बशीत ठेवला. म्हणालो, "उद्या ते आत जायला नको."

तिनं आधी बायकोकडं बघितलं, मग माझ्याकडं. का, म्हणून विचारलं. मी एकेचाळिसाव्या वेळचं सांगितलं. तिला ते ऐकून पटेना. तिनं स्वतःचा लॅपटॉप काढला, माझ्या वायरी तपासल्या आणि जेवणाच्या टेबलावर चाचणी चालू केली. आईनं पेढ्यांचा बॉक्स हळूच बाजूला सरकवला. तिच्या हाताखाली ते सतराव्याच वेळेला तुटलं.

ती पाच मिनिटं कोड वाचत राहिली. मग बोट ठेवून म्हणाली, "हितं. दार आदी उघडलंय." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता, "ह्ये तुमी बुधवारीच बगितलं हुतं?"

मी म्हटलं, शंका आली होती.

"सवड मिळंल तवा बगा म्हणून लिवलेलं, ते ह्येच?"

"हेच."

"मग सही का केलीसा?"

या प्रश्नाला माझ्याकडे दोन-तीन बरी उत्तरं होती. चाचणीला अर्धा दिवस लागतो, चूक फार क्वचित दिसते, अशी. पण बायको दारातच उभी होती. मी खरं ते सांगितलं: तू हुपरीची, आपली, वडील एकटे, म्हटलं एवढ्यासाठी पोरीला बेंगळुरूला जायला लागू नये.

मला वाटलं होतं, यावर ती थोडी विरघळेल. ती उलट चिडली. चिडली तरी आवाज चढला नाही.

"आमच्या गल्लीत एका घरात तार वडत्यात, दुसऱ्या घरात कड्या जोडत्यात, तिसऱ्यात घुंगरं बसत्यात," ती म्हणाली. "माल पुडच्या घरात गेला की ती मानसं पयलं कडी न् कडी वडून बगत्यात. सैल आसंल तर परत. आमचा माल माझ्या सख्ख्या चुलत्याकडं जातो. भावाचं काम हाय म्हणून त्यानं आजवर एक कडी सोडली न्हाय. परत आलं की बाबा गप बसून नीट करत्यात. त्येंना राग येत न्हाय, सर. तुमी माझी कडी वडलीसा, सैल हाय त्ये तुमाला कळलं, आनि तरी पुडं दिलीसा. ह्येला राग येतोय."

आई इतका वेळ ऐकत होती. तिला त्यातलं कर्नल सोडून सगळं समजलं होतं. ती मला म्हणाली, "बरोबर बोलतीया ती."

मग मी आणखी एक चूक केली. उत्साहानं म्हणालो, आत्ता बसू, दोघं मिळून दुरुस्त करू, संध्याकाळपर्यंत नवी आवृत्ती पाठव, मी लगेच सही देतो, सोमवार गाठता येईल. खुर्चीवर सरसावूनसुद्धा बसलो.

ती बराच वेळ पडद्याकडं बघत राहिली. तिच्या डोक्यात काय चाललंय ते दिसत होतं: रंग द्यायची खोली, पहिली तारीख, वडिलांचे डोळे. मी मनातून तिनं हो म्हणावं म्हणून वाट बघत होतो, हेही इथं कबूल करून टाकतो.

"आजच दुरुस्त आनि आजच सही," ती शेवटी म्हणाली. "म्हंजे परत त्येच की, सर." क्रम बदलायचा तर आठवा, नववा आणि दहावा पॅचही बदलायला लागणार होता. ते पुन्हा नीट वाचायला आठवडा तरी हवा. हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. फरक इतकाच, की ती ते बोलून दाखवू शकली. तिनं लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "सही तुमची हाय. तुमीच काढा. मी हाय तवर काढा."

मी पत्र लिहिलं. चार परिच्छेद झाले. पहिल्यात या मालिकेचं कौतुक, दुसऱ्यात माझ्या कामाच्या व्यापाबद्दल दिलगिरी, तिसऱ्यात हळूच मुद्दा, चौथ्यात परत कौतुक. ते दोघींना वाचून दाखवलं. ती म्हणाली, ह्यात चूक हाय म्हणून कुठं लिवलंय? मी तिसऱ्या परिच्छेदातली एक ओळ दाखवली. बायकोनं लॅपटॉप स्वतःकडं ओढला. पेपर तपासायची वीस वर्षांची सवय. पहिला परिच्छेद गेला, दुसरा गेला, चौथा गेला. उरलं ते असं: बुधवारी दिलेली सही मी परत घेतो आहे. शंका असताना दिली, ही चूक माझी आहे. सातव्या पॅचमध्ये परत सुरू होताना बोलणं तुटतं, कसं ते खाली दिलं आहे. कृपया सोमवारी घेऊ नये.

इंग्रजीत इतकं सरळ मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. शेवटी पाठवायचं बटण दाबलं. वाटलं, आता जगभरातून माझ्यावर दगड पडणार. त्याच्याखाली पाच मिनिटांनी तिचं पत्र गेलं: बरोबर आहे, नीट करून पाठवते. सोमवारी थंड गावातल्या गृहस्थांचं उत्तर आलं: ठीक, मग पुढच्या वेळी. बस, एवढंच. मला कुणी शिव्याही दिल्या नाहीत. माझी इतकी दखल घ्यायला कुणाला सवड नव्हती.

त्या रविवारी दुपारी ती जेवून गेली. आईनं आग्रह करून करून वाढलं. मी रंकाळ्याच्या स्टँडपर्यंत सोडायला निघालो, तर नको म्हणाली, चालत जातो. मी गॅलरीतून बघत राहिलो. कोपऱ्यावर ती थांबली आणि बराच वेळ फोनवर बोलली. वडिलांशी असावं. मग गेली.

तिच्या साहेबांनी शब्द फिरवला नाही. पहिल्या तारखेला तिला बेंगळुरूला जायचं ठरलं. बायको म्हणाली, आपण बसला सोडायला जायचं. मी म्हटलं, तिला आवडेल का. बायको म्हणाली, तिला आवडो न आवडो, तुम्ही यायचं.

हायवेवर बेंगळुरूच्या गाड्या थांबतात तिथं आम्ही संध्याकाळी पोचलो. ती होती, दोन बॅगा होत्या आणि तिचे वडील होते. बारीक अंगाचे, डोक्याला टोपी. बोटांची टोकं पॉलिशनं काळी झालेली. मी नमस्कार केला. ज्याच्या सहीमुळं खोलीला रंग द्यायचं ठरलं आणि ज्याच्या सहीमुळं ते राहिलं, तो मी, अशी ओळख तिनं करून दिली असणार असं मी गृहीत धरलं होतं. ते काही बोलले तर काय उत्तर द्यायचं, याची रंगीत तालीम मी येताना रिक्षात केली होती.

त्यांनी विचारलं, "पावणं, आता नीट झालंय न्हवं त्ये?"

मी म्हटलं, नवी आवृत्ती तिनं कालच पाठवलीय, अजून वाचतोय.

"मग वाचा निवांत," ते म्हणाले. "घाई करू नगा."

माझी तालीम वाया गेली. बस आली. बॅगा पोटात गेल्या. ती चढताना मला म्हणाली, सातवा पॅच सगळा बदललाय, पुन्हा पहिल्यापासनं बघा. वडील बस वळेपर्यंत उभे होते. मग त्यांनी टोपी नीट केली आणि हुपरीची शेवटची गाडी किती वाजता ते बायकोला विचारलं. आम्ही त्यांना रिक्षानं स्टँडवर सोडलं. वाटेत ते बायकोशी डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलत होते. दोन्ही डोळ्यांचं एकदम करतात की एकेक, याची त्यांना चौकशी करायची होती. आमच्या शाळेतल्या एका शिक्षकांचं नुकतंच झालंय, मी विचारून सांगते, असं बायको म्हणाली, आणि खरंच आठवड्याच्या आत तिनं फोन करून सांगितलंही.

ती सहावी आवृत्ती मी अकरा दिवस वाचली. चाचणी रात्रंदिवस चालू ठेवली. जेवणाचं टेबल इतके दिवस लॅपटॉपांनी अडवलं, की आम्ही घरातले जमिनीवर बसून जेवलो, आणि आईला ते इतकं आवडलं की टेबल विकून टाका म्हणाली. मी तिला एकोणीस चुका काढून पाठवल्या. एकही वाक्य "कदाचित"नं सुरू केलं नाही. सतरा ठिकाणी तिनं मान्य करून बदल केले. दोन ठिकाणी माझंच चुकलं होतं, ते तिनं चारचौघांत सांगितलं. मग सातवी आवृत्ती आली, मग आठवी. आठवीच्या खाली मी सही दिली, आणि अडीच महिन्यांनी निघालेल्या पुढच्या आवृत्तीत ती माळ अकराच्या अकरा पॅचसकट आत गेली.

साहेबांना काय वाटलं कुणास ठाऊक. काम बंद करायचं म्हणत होते, तेच आता दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायला लागले. तिनं बेंगळुरूतल्या खोलीवर स्वतःचा वेळ घालून ते तडीस नेलं होतं, त्यामुळं नाही म्हणायला त्यांना तोंड नव्हतं. साडेतीन महिन्यांनी ती बॅगा घेऊन परत आली. वडिलांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन तोवर झालं होतं. त्या दिवसांत कड्या चुलत्यानं बघितल्या, आणि आधीपेक्षा जास्त परत पाठवल्या, असं तिचे वडील आम्हाला हसत सांगत होते.

मी आता कर्नलमधला माझा स्वतःचा एक बदल लिहितोय. त्याच भागातला आहे, म्हणून रीतीप्रमाणं तिला तपासायला पाठवला. आज त्याला तीन आठवडे झाले. दोनदा परत आलाय. परवा फोनवर मी तिला सहज म्हटलं, की येत्या आवृत्तीत गेला तर बरं होईल, वर्षअखेरीला आमच्या साहेबांना दाखवायला काहीतरी हवं असतं.

"बगतो की, सर," ती म्हणाली. "वडून बगायलोय अजून."